पाडव्याची पेठ : नारायणगावच्या तमाशा-राहुट्यांची वाटचाल

होळी झाली की नारायणगावात रस्त्याच्या कडेला बांबू-बल्ल्या येऊन पडतात. दोन-चार दिवसांत त्यांच्यावर कापड चढतं, दर्शनी बाजूला फलक लागतो. आत सतरंजी, खुर्च्या, एक टेबल आणि टेबलावर वही येते. गुढीपाडव्यापर्यंत अशा तीसेक राहुट्यांची पेठ उभी राहते. यातली प्रत्येक राहुटी म्हणजे एका तमाशा फडाचं दुकान. इथला माल हाताळून बघता येत नाही, कारण इथे विकली जाते ती येणाऱ्या जत्रेतली एक रात्र. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर, पारनेर, संगमनेर, अकोले या तालुक्यांतल्या गावोगावच्या यात्रा कमिट्या येतात, राहुट्या पालथ्या घालतात, घासाघीस करतात आणि सुपारी देऊन, म्हणजे खेळ पक्का करून, जातात. यात्रांचा हंगाम सरला की पेठ उठते आणि जागा पुन्हा रिकामी होते.

फॅशनच्या धंद्यात अशा थोड्या दिवसांच्या दुकानाला आता पॉप-अप म्हणतात. २००४ साली जपानी डिझायनर रेई कावाकुबो यांच्या ‘कॉम दे गार्सों’ने बर्लिनमध्ये पुस्तकांच्या एका जुन्या दुकानाच्या जागेत कपड्यांचं दुकान थाटलं. सजावटीवर जवळपास खर्च केला नाही आणि वर्षभरात दुकान बंद करायचं हे आधीच ठरवून टाकलं. त्याची जगभर चर्चा झाली आणि पुढे अनेक बड्या कंपन्यांनी तो कित्ता गिरवला. थोड्या दिवसांसाठी जागा मांडायची, गिऱ्हाइकाला आत ओढायचं, सौदा करायचा आणि वेळेवर उठायचं, ही विद्या नारायणगावच्या पेठेत त्याच्या कितीतरी आधीपासून मुरलेली होती. तमाशाच्या गाण्यांवर आणि नाचावर पुष्कळ लिहिलं गेलं, तमाशाच्या जागेवर फार थोडं. बोर्ड (म्हणजे खेळाचा मंच), कनात, तंबू आणि राहुटी यांचीही एक वाटचाल आहे आणि ती नोंदवून ठेवण्याच्या तोलाची आहे.

गावाचं नाव फडाला

या पेठेला ‘तमाशा पंढरी’ हे नाव मिळालं त्याचं पहिलं कारण एक घराणं. शिरूर तालुक्यातल्या कवठे यमाईच्या नारायण खुडे यांनी फड उभा केला. त्यांचे मुलगे भाऊ आणि बापू यांनी तो ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’ या नावाने महाराष्ट्रभर गाजवला. भाऊंची मुलगी विठाबाई. १९३५ साली जन्मलेल्या या कलावतीने पुढे स्वतःच्या नावाने फड चालवला आणि नारायणगाव हे नाव मराठी मुलखाच्या कानाकोपऱ्यात नेलं. १९५७ आणि १९९० मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. आज महाराष्ट्र शासनाचा तमाशातला जीवनगौरव पुरस्कार त्यांच्याच नावाने दिला जातो.

दुसरं कारण भूगोलाचं. नारायणगाव पुणे-नाशिक रस्त्यावर, मीना नदीच्या काठी वसलेलं. जवळच आळेफाटा, तिथून एक वाट माळशेज घाटाने कल्याण-मुंबईकडे उतरते आणि एक नगरकडे जाते. चारी दिशांच्या गावांना एका दिवसात येऊन परत जाता येईल, असं हे ठिकाण. आणि या पट्ट्यात चैत्र-वैशाखात जत्रा नाही असं गाव शोधावं लागेल. नारायणगावात ग्रामदैवत मुक्ताबाईची यात्राही त्याच दिवसांतली. जिथे गिऱ्हाईक सहज पोचतं आणि जिथे विकणाऱ्याची पत आहे, तिथे बाजार बसतो. टोमॅटोचा मोठा बाजार याच गावात बसला आणि तमाशाचाही.

फलकावरच्या नावांकडे थोडं थांबून पाहायला हवं. गावाने ज्या जातींना शतकानुशतकं कुसाबाहेर ठेवलं, त्या मांग, महार, कोल्हाटी समाजांनी ही कला मुख्यतः सांभाळली. ‘विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर’ हे नाव फलकावर मोठ्या अक्षरांत झळकायचं आणि त्याच गावांचे पाटील, सरपंच, कमिटीचे पुढारी त्या फलकाखालून आत येऊन बसायचे. आपलं नाव न लपवता, उलट त्याच नावावर धंदा उभा करण्यात जी ताठ मान होती, ती या पेठेची खरी पुंजी आहे.

मोकळा बोर्ड

तमाशाची मूळ जागा अगदी थोडक्यात उभी राहायची. मोकळं पटांगण, लोक तिन्ही अंगांनी बसलेले, मशालींचा आणि पुढे गॅसबत्त्यांचा उजेड. मागे सूर धरणारे झीलकरी, ढोलकी, हलगी, तुणतुणं आणि कडं. पडदा नाही, देखावा नाही. वगातला, म्हणजे तमाशातल्या नाट्यकथेतला, राजा मंचाला एक फेरी मारायचा आणि दुसऱ्या गावाला पोचायचा. राजवाडा, रान, बाजार हे सगळं बोलण्यातून उभं राहायचं. १८६५ च्या सुमारास उमा बाबू सावळजकर यांचा ‘मोहना-बटाव’ आला. तो पहिला वग मानला जातो. तेव्हापासून गोष्ट लांबली, पात्रं वाढली, पण जागेचा हा मोकळेपणा टिकून राहिला.

त्या मोकळ्या जागेत रंगाचं आणि झळाळीचं सगळं काम कपड्याने केलं. नऊवारी शालू, कंबरपट्टा, पायांत चाळ. लावणीच्या सुरुवातीला नर्तकी पाठमोरी उभी राहते आणि पदराची दोन टोकं दोन्ही हातांनी डोक्यामागे उंच धरते. बघणाऱ्यांना आधी दिसतो तो पसरलेला पदर, त्याचे काठ आणि त्याची जर. मग ढोलकीच्या तोड्यावर ती वळते. पडदा उघडण्याचं काम तो पदरच करतो. जागा जितकी रिकामी, तितकं वस्त्र उठून दिसतं. दुकानाची खिडकी सजवणारा कारागीर आज एकाच साडीवर दिवा रोखून बाकीची जागा मोकळी ठेवतो, त्यामागेही हाच हिशेब असतो.

शहरांनी तमाशाला पक्की थिएटरं दिली. पुण्यात आर्यभूषण, मुंबईत लालबागचं हनुमान थिएटर. मुंबईतली थिएटरं गिरणगावातल्या कामगारांनी जगवली. पण तमाशाचा मोठा संसार फिरताच राहिला आणि फिरत्या संसाराने आपली वेगळी वास्तू घडवली.

कनात आली

तिकीट लावायचं तर जागा बंदिस्त हवी. म्हणून कनात आली, दार आलं, तिकिटाची खिडकी आली. दसऱ्याला बाहेर पडणारे मोठे फड ‘तंबूचे फड’ म्हणून ओळखले जाऊ लागले आणि जत्रांपुरते जमणारे ‘हंगामी’. तंबूच्या फडात कलावंत, वादक, तंबू कामगार, वायरमन, ड्रायव्हर, आचारी धरून शंभराच्या आसपास माणसं असतात. ट्रक, जनरेटर, मंच, दिवे, पडदे, पेट्या आणि स्वयंपाकाची भांडी असं सगळं गाव सोबत हलतं.

आज या गावी, उद्या त्या गावी. सकाळी ट्रक पोचले की आधी जागा पाहायची. जमीन सपाट आहे का, ट्रकला यायला वाट आहे का, पाणी किती लांब. मग मंच कुठे आणि दार कुठे हे ठरतं, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून. मेखा ठोकल्या जातात, खांब उभे राहतात, दोर ताणले जातात, कनात फिरते. दुपारपर्यंत माळावर नाट्यगृह उभं असतं. रात्रीचा खेळ संपला की तेच सगळं उलट्या क्रमाने उतरतं. जे शेवटी लागतं ते आधी निघतं आणि जे उतरल्यावर आधी लागणार ते ट्रकमध्ये शेवटी चढतं. हा क्रम कुठे लिहिलेला नाही. तो जुन्या माणसांच्या हातात आहे आणि नवी पोरं तो बघून शिकतात.

चैत्र लागला की मांडणी बदलते. सुपारीच्या तमाशाचे पैसे गाव देतं, तेव्हा तिकीट नाही आणि म्हणून कनातही नाही. फक्त मंच, दिवे आणि समोर अख्खं गाव. दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीचा खेळ असतो. त्यात रात्रीच्या दिव्यांची जादू नसते. भर उन्हात, आखाड्यातल्या कुस्त्यांच्या आधी, कलावंताला फक्त गळ्याच्या आणि शब्दाच्या जोरावर गर्दी धरावी लागते. तिकिटाचा तंबू, सुपारीचा बोर्ड आणि उन्हातली हजेरी अशा तीन जागा एकच फड एकाच हंगामात मांडतो.

संगीत नाटक आणि सिनेमा यांचा रंगही या मांडणीवर चढला. ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) आणि ‘पिंजरा’ (१९७२) या चित्रपटांनी तमाशाची दुनिया पडद्यावर नेली आणि बदल्यात फडांनी सिनेमाची झगमग उचलली. रंगवलेले पडदे आले, रंगीत दिवे आले, जाहिरातीत ‘ट्रिकसीन’ हा शब्द आला. मूळच्या साधेपणाला यामुळे धक्का लागला, अशी तक्रार जाणकार करतात. त्यात तथ्य आहे. पण रोज नव्या गावी, मिळेल त्या जमिनीवर हा सगळा थाट उभा करणाऱ्यांचं कसब त्यामुळे कमी ठरत नाही.

राहुटीतला सौदा

पाडव्याच्या पेठेत हे सगळं वैभव एका छोट्या कापडी खोलीत मावायला हवं. खरी कसोटी इथे लागते. तंबू इथे नाही, मंच नाही, ढोलकी नाही. समोरच्या कमिटीला फक्त फलक दिसतो आणि बोलणारा मॅनेजर.

म्हणून फलक हाच राहुटीचा चेहरा. पूर्वी रंगाऱ्याने कापडावर रंगवलेला असायचा, आता फ्लेक्स असतो. सर्वांत वर फडाचं नाव, त्यात मालकाचं आणि गावाचं. नारायणगावकर, सातारकर, खेडकर, सांगवीकर, धवळपुरीकर, शिरोलीकर. नावात बहुधा दोन पिढ्या एकत्र असतात: मंगला बनसोडे सह नितीनकुमार बनसोडे, रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर. जुन्या नावाने भरवसा द्यायचा आणि नव्या नावाने तरुणांना ओढायचं. त्याखाली कलावंतांचे फोटो, भरजरी वेशात, वगांची नावं आणि संपर्काचे नंबर. रस्त्याने जाणाऱ्या गाडीतूनही वाचता यावं इतकं मोठं अक्षर.

आतली मांडणी मात्र साधी, घरगुती. समोर काउंटर घालून गिऱ्हाइकाला बाहेर उभं करायची इथे रीत नाही. कमिटीची सात-आठ माणसं एकदम येतात, त्यांना एकत्र बसता आलं पाहिजे आणि आपसात कुजबुजताही आलं पाहिजे. आधी पाणी, मग चहा, मग तारीख. ‘जत्रा कधी तुमची?’ या प्रश्नावर अर्धा भाव ठरतो, कारण चैत्र पौर्णिमा, अक्षय्य तृतीया अशा तिथींना अनेक गावांच्या जत्रा एकाच दिवशी येतात आणि फड मात्र तेवढेच. पोरी किती, वग कोणता, सोंगाड्या कोण, हजेरी होणार का, हे सगळं विचारून कमिटी उठते, शेजारच्या राहुटीत जाते आणि फिरून परत येते. शेजारी-शेजारी लागलेल्या राहुट्यांमुळे फिरून तुलना करणं सोपं होतं. म्हणूनच गावं इथे येतात आणि म्हणूनच फडही एकमेकांना खेटून बसतात. सौदा जमला की इसार, वहीत नोंद, करारावर सही. मोठ्या फडांची एका रात्रीची सुपारी आता लाखांच्या घरात जाते.

कपड्यांच्या फिरत्या प्रदर्शनांच्या काळात या राहुटीकडून शिकण्यासारखं बरंच आहे. बाहेर एकच ठळक गोष्ट सांगा. आत आल्यावर माणसाला बसवा. घोळक्याने येणाऱ्याला घोळक्यानेच बसता येईल अशी जागा ठेवा. आपल्याकडे साडी घ्यायला एकटं कुणी जात नाही, आई-मावशी-वन्सं सगळ्या जातात. गावच्या जत्रेचा तमाशाही एकटा कुणी ठरवत नाही. राहुटी मांडणाऱ्याने हे ओळखलं. शहरातल्या पुष्कळ चकचकीत दुकानांना ते अजून उमगलेलं नाही. तिथे दिवे भरपूर असतात आणि सोबत आलेल्या म्हाताऱ्या माणसाला टेकायला जागा नसते.

पडद्यामागची जागा

आता या वाटचालीची दुसरी बाजू. विठाबाईंच्या आयुष्यातला तो प्रसंग महाराष्ट्राला ठाऊक आहे. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर नाचत होत्या, कळा सुरू झाल्या, त्या मागे गेल्या आणि पडद्यामागे बाळंत झाल्या. दगडाने नाळ ठेचली आणि पुन्हा प्रेक्षकांपुढे उभ्या राहिल्या. हा प्रसंग आपण कलेवरच्या निष्ठेची कथा म्हणून सांगत आलो. निष्ठा होतीच. पण त्या पडद्यामागे काय होतं, हे कुणी विचारलं नाही. तिथे खाट नव्हती, सुईण नव्हती, उकळलेलं पाणी नव्हतं. पडद्याच्या पुढच्या बाजूवर फडाने आणि गावाने जीव ओतला होता. मागची बाजू उघडी माती होती.

१५ जानेवारी २००२ रोजी विठाबाई गेल्या. शेवटच्या आजारपणाचा दवाखान्याचा खर्च लोकांच्या मदतीतून भागवावा लागला. राष्ट्रपतींच्या हातून दोनदा गौरव झालेल्या कलावतीची ही अखेर.

मागची बाजू आजही फार बदललेली नाही. दसऱ्यापासून बुद्धपौर्णिमेपर्यंत सात-आठ महिने बायामाणसं राहुट्यांत आणि ट्रकच्या आडोशाला राहतात. पत्र्याची पेटी हेच कपाट, तीच बैठक, तिच्यावर आरसा टेकवला की तीच रंगपटाची खोली. लहान मूल असेल तर ते पेट्यांच्या मधल्या जागेत झोपवायचं. संडास-मोरीची सोय गावावर आणि नशिबावर. खेळ संपल्यावर घाम सुकायच्या आत जरीचं लुगडं उतरवून घडी करून पेटीत घालायचं, कारण ट्रक निघायचा असतो.

कोरे पाडवे

पेठेवर अडचणी बऱ्याच आल्या. स्वातंत्र्यानंतर लगेच मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली होती. कलावंतांनी दाद मागितल्यावर सुधारणेच्या अटी घालून ती उठली. पुढे रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला मनाई आली आणि रात्रभर रंगणारा वग आखडला. नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीने ऐन हंगामात तिकीटबारीवरचा रोखीचा धंदा बसला. ऑर्केस्ट्रा आणि लावणीचे शो यांनी गिऱ्हाईक वाटून घेतलं.

पण २०२० सारखा पाडवा पेठेने पाहिला नव्हता. त्या वर्षी गुढीपाडवा २५ मार्चला होता आणि देशव्यापी टाळेबंदीचा पहिला दिवसही तोच. वर्षाची कमाई ज्या दिवसावर टेकलेली, त्याच दिवशी देश बंद झाला. जत्रा झाल्या नाहीत, इसार परत मागितले गेले, ट्रक दारात उभे राहिले. पुढच्या वर्षीही तेच. फडमालकांवर आधीच कर्ज होतं, कलावंत मिळेल त्या मजुरीला गेले. २५ मे २०२१ रोजी कांताबाई सातारकर कोरोनाने गेल्या. पुरुषवेशातल्या भूमिकांनी त्यांनी बोर्ड गाजवला होता, विठाबाईंच्या नावाच्या पुरस्काराचा पहिला मान त्यांचा होता. २०२२ च्या पाडव्याच्या तोंडावर राज्यातले निर्बंध उठले आणि नारायणगावात पुन्हा बांबू येऊन पडले. फडांनी उधारीवर कापड आणलं, फलक छापले आणि पेठ मांडली.

पुढची पायरी

या पेठेला घटना नाही, नोंदणी नाही, कायमची इमारत नाही. तरीही दर चैत्रात ती आपल्या नियमांनी उभी राहते आणि हजारो माणसांच्या चुली पेटवते. तिच्यासाठी काय करता येईल, हे सांगणं अवघड नाही.

पहिलं, राहुट्यांच्या पेठेला ठरलेली जागा हवी, पाणी, वीज, स्वच्छतागृह आणि वाहनतळ असलेली. आठवडे बाजाराला ओटे बांधतो, तर या बाजारालाही मांडवाची कायमची खोबणी करून देता येते.

दुसरं, तंबू कामगारांचं ज्ञान नोंदवायला हवं. वास्तुरचना आणि अंतर्गत सजावट शिकवणाऱ्या संस्था पुण्यात आहेत, नारायणगाव तिथून पाऊणशे किलोमीटरवर. त्यांच्या विद्यार्थ्यांनी एक हंगाम फडासोबत काढावा, तंबूचे नकाशे काढावेत, ट्रक भरण्याचा क्रम लिहून घ्यावा. घडीचा मंच, हलके खांब, पाण्याला दाद न देणारी कनात यांचं काम त्यांनी या कामगारांच्या सोबतीने करावं.

तिसरं, आणि सर्वांत आधी करण्यासारखं, म्हणजे मागच्या बाजूची रचना. घडी होणारी स्वच्छतागृहं, बायकांसाठी बंदिस्त रंगपट, मुलांसाठी एक सुरक्षित राहुटी. यात अशक्य असं काही नाही. केरळात साडीच्या दुकानांतल्या विक्रेत्या बायका दिवसभर उभ्या राहायच्या. त्यांनी वर्षानुवर्षं आवाज उठवला, तेव्हा २०१८ मध्ये तिथे बसायचा हक्क कायद्यात आला आणि २०२१ मध्ये तमिळनाडूनेही तसाच कायदा केला. दुकानाची मांडणी गिऱ्हाइकासाठी असते, तशी तिथे राबणाऱ्या माणसासाठीही असते, हे त्या बायकांनी मान्य करून घेतलं. तमाशातल्या बाईला तो हक्क मिळायचा आहे.

जत्रेच्या सुपारीच्या करारात गावाने मंच आणि वीज यांच्या जोडीला एक ओळ वाढवावी: कलावंतांसाठी पाणी, न्हाणीघर आणि संडास गाव देईल. पाडव्याला नारायणगावी येणाऱ्या प्रत्येक यात्रा कमिटीला ते शक्य आहे. त्यासाठी शासनाच्या आदेशाची वाट पाहायचं कारण नाही.